चार मिनिटं दहा सेकंद

बदलापूर (पूर्व)
६ जानेवारी २०२५

प्रिय मुकेश,
जय भीम.

बदलापूरहून विठ्ठलवाडीला पत्र टाकणारी या वर्षातली मी एकटीच असेन. पण फोनवर बोलायला लागले की मी चिडते, आणि चिडले की मुद्दा राहून जातो. छत्तीस वर्षं शाळेत शिकवूनही ही खोड गेली नाही. म्हणून लिहिते.

आईच्या डाव्या डोळ्याची दृष्टी काचबिंदूने गेली, हे तुला कळलं असेल. उजव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, आहे तोवर आहे. घरी आल्यावर मी तिला विचारलं, काही बघायचं राहिलंय का? मला वाटलं, नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊ म्हणेल. ती म्हणाली, "माझा सीन."

तुझ्या वडिलांनी, रामभाऊमामांनी, तुला सांगितलं असेलच. शहात्तर साली 'नदीपल्याडची सून' या चित्रपटाचं शूटिंग इथे उल्हास नदीच्या काठाला झालं. आई तेव्हा अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात होती. सुट्टीच्या दिवशी बायका शूटिंग बघायला गेल्या आणि दिग्दर्शकाने घागर उचलता येणारी बाई म्हणून आईला बोलावलं. सासरहून पळालेली, तहानेने व्याकूळ झालेली नायिका आमच्या वस्तीच्या नदीकाठच्या विहिरीपाशी येऊन पडते. आई तिच्यासमोर घागर धरते. नायिका मागे सरते. तेव्हा आई म्हणते, "पाणी घ्या बाई. तहानेला कुठे जात असते?" नायिका ओंजळीने पिते, तिचा पदर भिजतो, सीन संपतो. आम्ही भावंडं या गोष्टीवर वाढलो. आई दर वेळी शेवटी म्हणायची, "आन् मी बोलले. शिनेमात बोलले."

मी उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये जुन्या डिस्कच्या गठ्ठ्यातून त्याची डीव्हीडी शोधून काढली. रविवारी सगळे जमलो. माझी नात इरा पणजीच्या शेजारी चिकटून बसली.

मुकेश, मी चित्रपटातली जाणकार नाही, पण असं काम मी सातवीच्या पोराच्या वहीतही चालवून घेतलं नसतं. कव्हरवर भलत्याच रंगीत सिनेमातली नटी. चित्र वरून-खालून कापून टीव्हीभर ताणलेलं, त्यामुळे नायिकेचं कुंकू कपाळासकट गायब आणि उभ्या माणसांना पाय नाहीत. कोपऱ्यात कंपनीचं बोधचिन्ह, खाली सरकता फोन नंबर, तोही नायिकेचा बाप मरतो तेव्हा नेमका त्याच्या तोंडावरून जातो. दुसऱ्या गाण्याचं मधलं कडवं नाही. आवाजात पिठाची गिरणी चालू.

हे सगळं चाललं असतं. आई सारखी पुढे सरकून म्हणत होती, "आता येईल." 'समाप्त' अशी पाटी आली तरी ती म्हणाली, "आता येईल." सीन आलाच नाही. इराने तिचा हात धरून हळूच म्हटलं, "पणजी, तो दुसरा पिक्चर असेल गं." आई उठून मोरीकडे गेली आणि बराच वेळ पाय धूत बसली.

या डिस्क निघायच्या त्या काळात तू उल्हासनगरला व्हिडिओ कंपनीत होतास. असे सीन कुठे जातात, आणि परत मिळतात का, एवढं कळव.

तुझी,
संध्याताई


विठ्ठलवाडी
२० जानेवारी २०२५

संध्याताई,

पत्र मिळालं. उशिराबद्दल सॉरी, लग्नाचा सीझन आहे, व्हिडिओ एडिटिंगची कामं अंगावर आहेत.

जुन्या पिक्चरचं असं असतं की प्रिंट ज्या कंडिशनमध्ये येते त्यातूनच कॉपी काढावी लागते. गोडाऊनमध्ये पाणी शिरतं, रिळं चिकटतात, एखादं रीळ मिसिंग असतं. आत्याचा सीन बहुतेक अशाच एखाद्या गेलेल्या रिळात असणार. कंपनी कधीच बंद झाली. आता काही मिळेल असं वाटत नाही.

आत्याला नमस्कार सांग. डोळ्यांत ड्रॉप वेळेवर घालत जा.

मुकेश


बदलापूर
२५ जानेवारी २०२५

प्रिय मुकेश,
जय भीम.

तुझं पत्र आलं. आईला वाचून दाखवलं. "रीळ गेलं" म्हटल्यावर ती "बरं" म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.

मग मी एकटीने ती डिस्क पुन्हा लावली. थांबवत, मागे घेत, वही-पेन घेऊन. नायिका घरातून निघते, रस्त्याला लागते, घामाघूम होते. लगेच पुढच्या क्षणाला ती नदीवर उभी, पदर गळ्यापर्यंत ओला, आणि नवरा विचारतो, "कुणाच्या हातचं पाणी प्यायलीस?" त्या प्रश्नावर पुढचा सगळा चित्रपट उभा आहे, आणि तो प्रश्न का विचारला ते बघणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

आमच्या शाळेत चित्रपट दाखवायला प्रोजेक्टरवाले यायचे. एक रीळ दहा मिनिटांचं असतं, हे मला तेव्हापासून माहीत आहे. रीळ गहाळ झालं असतं तर दहा मिनिटं गेली असती, आणि मधेच कुठेतरी वाक्य तुटलं असतं. इथे पदर भिजण्याआधी अलगद कापलंय आणि भिजल्यावर अलगद जोडलंय. हे पाण्याने केलेलं नाही.

'समाप्त'नंतर कंपनीची पाटी येते, ती त्या दिवशी आम्ही बघितलीच नव्हती. तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलंय : व्हिडिओ संकलन – मुकेश आर.

आर म्हणजे रामभाऊच ना?

संध्याताई


विठ्ठलवाडी
११ फेब्रुवारी २०२५

संध्याताई,

हो. मीच तो.

तुला खोटं लिहिलं त्याची लाज वाटते. आता खरं सांगतो. तो पिक्चर मी दोन हजार चार साली कापला. तेव्हा व्हीसीडी चालायच्या. एका पिक्चरच्या दोन डिस्क, एका डिस्कवर चौऱ्याहत्तर मिनिटं. तिसरी डिस्क टाकायला मालक तयार नसायचा. वरून सुरुवातीला आठ मिनिटं जाहिराती. पिक्चर दोन तास बेचाळीस मिनिटांचा. म्हणजे बावीस मिनिटं कुठून तरी काढायची होती. महिन्याला असे बारा-पंधरा पिक्चर यायचे. मालकाचा नियम ठरलेला : गाणी ठेव, फाइट ठेव, कॉमेडी ठेव, बाकी तू बघ.

नंतर डीव्हीडी आली. तिच्यावर पूर्ण पिक्चर आरामात बसला असता. पण पुन्हा मेहनत कोण घेणार, म्हणून तीच कापलेली कॉपी ताणून टाकली. डोकी उडाली ती तेव्हा. प्रिंट परत पाठवायची कुणाला, तर कुणालाच नाही. फिल्ममधून चांदी काढणारे यायचे, त्यांच्या टेम्पोत गेली. मी स्वतः हात लावून चढवली.

आत्याचा सीन छोटा होता, त्यात कुणी मोठा आर्टिस्ट नव्हता, म्हणून गेला. मालकाचा हुकूम होता. माझा इलाज नव्हता.

आत्याला हे सांगू नकोस, प्लीज.

मुकेश


बदलापूर
१५ फेब्रुवारी २०२५

प्रिय मुकेश,

खरं सांगितलंस, बरं केलंस. पण अजून पुरतं सांगितलेलं नाहीस.

मी हिशोब मांडणारी बाई आहे, मिनिटांचा का होईना. त्या चित्रपटात एक तोतरा सावकार आणि त्याचा कुत्रा यांचा अकरा मिनिटांचा प्रसंग आहे. कुणालाही हसू येत नाही. तो अख्खा आहे. जत्रा आहे, पाळणा सहा वेळा फिरतो. तो आहे. पुढच्या कथेला जो लागतो तोच प्रसंग तेवढा नाही. "बाकी तू बघ" असं मालक म्हणाला, असं तूच लिहिलंयस. मग बघितलं कुणी?

आईला मी अजून रीळ गेलं हेच सांगितलेलं आहे. म्हणजे आता तुझं खोटं माझ्या तोंडी आहे. परवा शेजारच्या माई आल्या होत्या, त्यांनी सहज विचारलं, जनाबाई, तुम्ही सिनेमात होतात ना? आई म्हणाली, "नाय हो, लोक कायपन बोलत्यात." मी स्वयंपाकघरात होते. पोळी तव्यावर करपली तरी मला हलता येईना.

एकोणपन्नास वर्षं जी गोष्ट ती ताठ मानेने सांगायची, ती तिने माझ्यादेखत नाकारली. म्हणून विचारते. तोच सीन का?

संध्याताई


विठ्ठलवाडी
२ मार्च २०२५

संध्याताई,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. हे चौथं. फाडायच्या आत पेटीत टाकणार आहे.

कंपनीत मी इंटरव्ह्यूला गेलो तेव्हा मालक धर्मेश म्हणाला, "मुकेश क्या?" मी म्हटलं, "मुकेश आर." का म्हटलं माहीत नाही. तोंडातून तसंच निघालं. आपल्या उल्हासनगरात मुकेश म्हटलं की लोक सिंधीच समजतात. त्यांनीही तसंच धरलं. मला 'साईं' म्हणायला लागले. मी दुरुस्त केलं नाही. थोडं थोडं सिंधी शिकलो. राहतो कुठे विचारलं की कॅम्प पाचची सिंधी वस्ती सांगायचो. चौदा एप्रिलला सगळे सुट्टी घ्यायचे, कारण मिरवणुकीने रस्ता बंद. मी मुद्दाम ड्युटी घ्यायचो. खिडकी लावून, एसी लावून बसायचो. खालून बाबांचा गट जायचा, तुझे रामभाऊमामा पांढऱ्या शर्टात निळा झेंडा घेऊन. मी पडद्याआडून बघायचो.

माझ्यासोबत विनीत नावाचा एडिटर होता. मनाने वाईट नव्हता. माझा डबा खायचा, मला त्याचा द्यायचा. 'नदीपल्याडची सून' आम्ही दोघं बसून बघत होतो. काय कापायचं ते लिहून काढायचं होतं. विहीर आली. विनीत म्हणाला, "चला, आला रिझर्व्हेशनच्या कोट्यातला सीन." मी हसलो. मग आत्या फ्रेममध्ये आली, घागर कमरेवर. मी लगेच ओळखली. तुला खोटं सांगणार नाही, ताई. पहिल्या सेकंदाला ओळखली. बाबांसारखी उभी होती, एक खांदा खाली टाकून.

विनीतने चित्र थांबवलं. स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "अबे मुकेश, नाक बघ. डिट्टो तुझं नाक. कोण लागते रे तुझी?"

मी म्हटलं, "मेरी कौन लगेगी? तेरी मावशी होगी."

तो हसला. त्याच्या ते लक्षातही राहिलं नसेल. पण मला वाटलं, हा पिक्चर आता दहा वेळा या खोलीत चालणार. चेकिंगला चालणार, मालक बघणार, पॅकिंगवाले बघणार. दर वेळी आत्या घागर घेऊन येणार, आणि कुणीतरी नाकाकडे बघणार. विनीत चहाला गेला. सीन सुरू होतो तिथे मी 'इन'चं बटण दाबलं, संपतो तिथे 'आउट'चं. चार मिनिटं दहा सेकंद. तो आकडा मला पाठ आहे. बावीस मिनिटांतली बाकीची नंतर सावकाश काढली. तो पहिला कट होता.

बाबांना घरी कळलं होतं की तो पिक्चर आमच्याकडे आलाय. त्यांनी विचारलं, "जनीचा सीन नीट दिसतो का रे?" मी म्हटलं, "एकदम क्लियर." डिस्क आण म्हणाले. आज आणतो, उद्या आणतो करत मी पाच वर्षं काढली. मग ते गेले.

मालकाचा हुकूम नव्हता. मी केलं.

मुकेश


बदलापूर
२१ एप्रिल २०२५

मुकेश,

तुझ्या पत्राला सात आठवडे झाले.

तुझं पत्र मी कुणाला दाखवलं नाही. पुस्तकांच्या कपाटात ठेवलंय, कुलूप लावून. गेल्या सोमवारी चौदा तारखेला आम्ही सगळे चौकात गेलो. आईला खुर्ची टाकून बसवलं. तिथे शाळेतल्या जुन्या ओळखीचे सर भेटले, हिंदुराव पाटील. नोकरीच्या पहिल्या वर्षी ते मला म्हणाले होते, "बाई, तुम्ही त्यातल्या वाटत नाही हो." आणि मी 'थँक यू' म्हणाले होते. सदतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तुझं पत्र वाचेपर्यंत मी ती कुणाला सांगितली नव्हती, स्वतःलाही. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. मी 'थँक यू' म्हटलं, पण कुणाला पुसून टाकलं नाही. तू आईला पुसलंस. तुझ्या बाबांनाही फसवलंस.

आईला सांगायचं काम माझं नाही. ते तू येऊन सांग, तिच्यासमोर बसून. पत्राने नाही. आणि येताना पेढेबिढे आणू नकोस. तो सीन शोधून आण. कुठूनही आण. नाही मिळाला तरी ये, पण आधी खरोखर शोध.

उजवा डोळा पावसाळ्यापर्यंत टिकेल, असं डॉक्टर म्हणतात.

संध्या


विठ्ठलवाडी
१८ जून २०२५

संध्याताई,
जय भीम.

सीन मिळाला. आधी तेच लिहितो.

प्रिंट तर मीच घालवली होती. पण प्रिंटवरून आधी मोठ्या कॅसेटवर पूर्ण पिक्चर उतरवायचो आणि मग त्याच्यावरून कापायचो. त्या कॅसेट कुठे गेल्या हे फक्त धर्मेशला माहीत असणार. त्याच्याकडे जायला मला तुझ्या पत्रानंतरही तीन आठवडे लागले. दोनदा त्याच्या गल्लीच्या तोंडापासून परत आलो.

तो आता कॅम्प पाचमध्ये जीन्सला लावायच्या लेबलांचा धंदा करतो. वजन वाढलंय, केस गेलेत. मला बघून खूश झाला. "अरे साईं, कितने साल." लस्सी मागवली. मी म्हटलं, एक जुनी कॅसेट पाहिजे. म्हणाला, "उसका क्या करेगा? कचरा है." मी सांगायला लागलो. म्हटलं, "धर्मेशभाई, उस पिक्चर में मेरी बुआ है. कुएँ वाला सीन. मैंने काटा था. क्योंकि मैं बौद्ध हूँ, और मैंने आप लोगों को बताया नहीं था."

तो लस्सी ढवळत होता. ढवळतच राहिला. मग म्हणाला, "हमको तो पता था."

मला कळेना. तो म्हणाला, "तेरा स्कूल का दाखला नहीं लिया था क्या, पीएफ के लिए? उसमें सब लिखा था. तेरे को छुपाना था, तो हमने भी नहीं पूछा. विनीत को भी पता था."

विनीतला माहीत होतं, ताई. नाकाबद्दल बोलला तेव्हा माहीत होतं. गंमत बघत होता की खरंच विचारत होता, ते आता कसं कळणार? मी सहा वर्षं ज्या लोकांपासून लपत होतो ते सगळे मला लपताना बघत होते.

धर्मेशने वाईट तोंड केलं नाही आणि चांगलंही केलं नाही. माळ्याची शिडी दाखवली आणि गिऱ्हाईकाशी बोलायला गेला. लेबलांच्या बंडलांमागे कॅसेट होत्या. दोन दुपारी वर बसून शोधलं. अर्ध्यांवर बुरशी. 'नदीपल्याडची सून'च्या दोन कॅसेट मिळाल्या, दुसरी पूर्ण गेलेली, पहिली बरी. असली कॅसेट चालवणारी मशीन आता कुणाकडे नसते. अंधेरीला एक म्हातारे गृहस्थ आहेत श्यामकांत म्हणून, त्यांच्याकडे आहे. त्यांनी कॅसेट उघडून, पुसून, तीन दिवस सुकवून चालवली. मला म्हणाले, "इतकी चांगली कॉपी असताना तुम्ही लोकांनी बाजारात ते काय विकलंत?"

चित्रावर मधे मधे पांढऱ्या रेघा येतात. पण डोकी शाबूत आहेत, पाय दिसतात, विहिरीच्या मागचा डोंगर दिसतो. कंपनीचं नाव अजून लागलेलं नव्हतं. आत्या पूर्ण दिसते.

काल अक्षयला, माझ्या मुलाला, दाखवला आणि सगळं सांगितलं. सतरा वर्षांचा आहे. नंतर त्याच्या आईला विचारत होता, "पप्पा माझं आडनाव शाळेत नीट लिहितात ना?"

रविवारी सकाळी येतो. पहिले आत्याला सांगेन, मग सीन लावेन. ती हाकलून देईल तर दे म्हणावं.

मुकेश


बदलापूर
२४ जून २०२५

प्रिय मुकेश,
जय भीम.

रविवारी तू आईला सगळं सांगितलंस, नाकाच्या गोष्टीपर्यंत. तिने तुझ्याकडे न बघता "लाव" म्हटलं, तू टीव्हीला पेन ड्राइव्ह लावलास आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलास. चहा न घेता निघून गेलास. म्हणून तुला घरात काय झालं ते माहीत नाही. ते सांगायला लिहिते.

आई टीव्हीपासून हातभर अंतरावर बसली, मान वाकडी करून, उजवा डोळा पुढे घेऊन. स्वतःला बघितल्यावर तिने आधी साडी ओळखली. ती तिच्या चुलतीची होती. मग इरा ओरडली, "पणजी, तू केवढी सुंदर होतीस." आईने तिला गप्प केलं. वाक्य जवळ येत होतं.

"पाणी घ्या बाई. तहानेला कुठे जात असते?"

मुकेश, तुझ्या लक्षात आलं नसेल. मलाही पहिल्यांदा आलं नाही. इराने विचारलं, "पणजी, हा आवाज तुझा आहे?"

आई म्हणाली, "नाय."

मी टीव्ही थांबवला. आवाज कुणा शिकलेल्या, रेडिओवर बोलणाऱ्या बाईचा होता. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आईला ते पहिल्यापासून ठाऊक होतं, तिनेच मग सांगितलं. शहात्तर सालीच ठाण्याला थेटरात बघितलं तेव्हापासून. वस्तीतल्या पंधरा बायका सोबत होत्या, त्यांच्यासमोर तिच्या तोंडातून दुसरीच बोलली. नंतर शूटिंगचा एक माणूस भेटला, त्याने सांगितलं की दिग्दर्शक साहेब म्हणाले, चेहरा ठीक आहे, पण त्या बाईची बोली कानाला बरी लागत नाही. मुंबईला दुसरी बोलावून आवाज भरला.

"मंग तू आम्हांला का सांगायचीस, मी बोलले म्हणून?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"बोलले तर व्हते ना. नदीवर बोलले. नऊ डाव बोलायला लावलं." मग म्हणाली, "लाज वाटली गं. पोरांना काय सांगू, आईचं तोंड घेतलं आन् जीभ टाकून दिली?"

मला वाटलं आता तुझ्याबद्दल बोलेल, चार शिव्या देईल. मी त्या ऐकायला तयार होते, काही माझ्याकडच्याही होत्या. ती म्हणाली, "त्या साहेबांनी आवाज कापला, रामूच्या पोरानं बाकीची कापली. साहेबांकडनं कोन आलं सांगाया? हा आला. लई उशिरा आला, पन आला."

याला माफी म्हणायची की नाही, मला माहीत नाही. तिने तो शब्द वापरला नाही, मीही वापरणार नाही. माझा राग अजून आहे. रामभाऊमामांना न दाखवल्याचा तर फारच आहे, आणि तो जाईल असं वाटत नाही. तू तो माझ्याकडे राहू दे.

काल संध्याकाळी माई आल्या. आईने स्वतः टीव्ही लावायला सांगितला आणि त्यांना सगळी गोष्ट सांगितली. विहीर, घागर, नऊ वेळा. आवाज दुसरीचा आहे हेही सांगितलं. तू कापला होतास हेही सांगितलं, नावासकट. तुला हे आवडणार नाही, पण आता ते तिच्या गोष्टीत आहे आणि तिथून कापता येणार नाही.

मग इराने विचारलं, "पणजी, नदीवर तू कसं बोलली होतीस?" आई खुर्चीत ताठ बसली. हात असा पुढे केला, घागर धरल्यासारखा. आणि म्हणाली, "घे बाय, पानी घे. तानंला कुटं जात आस्ती?"

मी हे वाक्य जन्मभर ऐकलं, पण आई आम्हांला ते नेहमी त्या दुसऱ्या बाईसारखंच बोलून दाखवायची. तिचं स्वतःचं मी काल पहिल्यांदा ऐकलं.

आता कामाचं. आई विचारते, मुकेशला त्या चित्राला आवाज चिकटवता येतो का. मी म्हटलं, येत असेल, तेच त्याचं काम आहे. माझी एक अट आहे. मूळ आहे त्याला हात लावायचा नाही, एक सेकंदही कापायचा नाही, त्या बाईचा आवाजही तसाच राहू दे. दुसरी प्रत कर आणि तिच्यात आईचा आवाज घाल.

येत्या रविवारी ये. अक्षयलाही आण. चांगला माईक घेऊन ये, मोबाइलवर नको. दहाच्या आत पोहोच. त्यानंतर आईला दम लागतो.

तुझी,
संध्याताई